एका वाटेची नाव : उल्मच्या प्रवासी नावेची प्रतिकृती बांधतानाच्या नोंदी

11 जानेवारी 2025, शनिवार

माप आज पक्कं केलं. 1:20. म्हणजे 24 मीटरची नाव 120 सेंटिमीटरची होईल, तळाची रुंदी 20 सेंटिमीटर आणि बाजूच्या भिंती 7 सेंटिमीटर उंच. उल्मच्या सर्वांत मोठ्या नावा 30 मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद असत, भिंती दीड मीटरपर्यंत. मी मुद्दाम मधला आकार धरला आहे, कारण प्रतिकृती घरच्या टबात तरंगवून बघायची आहे. शोकेसमध्ये ठेवण्यासाठी मी ही करत नाहीये.

नाव कोणती ते सांगते. जर्मनीतल्या उल्म शहरातून डॅन्यूब नदीने व्हिएन्नाला आणि त्याही पुढे हंगेरी, बनात (आजच्या रोमानिया-सर्बियाच्या सीमेवरचा प्रदेश), थेट नदीच्या मुखापर्यंत माणसं आणि माल नेणारी सपाट बुडाची लाकडी नाव. 1712 पासून व्हिएन्नासाठी दर आठवड्याला ठरलेली फेरी सुटायची, तिला ‘ओर्डिनारी’ म्हणत. शेवटची ओर्डिनारी 1897 मध्ये गेली. ‘उल्मर शाख्टेल’, म्हणजे उल्मचं खोकं, हे चिडवायला ठेवलेलं नाव बरंच नंतरचं. आता मात्र शहरच ते कौतुकाने मिरवतं.

ही नाव प्रवाहाबरोबर फक्त खाली जायची. मुक्कामाला पोचली की तिच्या फळ्या सुट्या करून लाकूड म्हणून विकत आणि नावाडी चालत उल्मला परत येत.

इथे राहायला आल्यापासून ती मला सगळीकडे दिसते. नगरभवनाच्या रंगवलेल्या भिंतीवर, दुकानांच्या पाट्यांवर, पोस्टकार्डांवर. आणि तिच्याबद्दल बोलणं निघालं की कोणीतरी म्हणतंच, एकदाच वापरायची म्हणून कशीतरी ठोकून काढलेली नाव होती ती. मला हे पटत नाही. उल्म ते व्हिएन्ना नदीने सुमारे 650 किलोमीटर होतात. वाटेत खडक, भोवरे, दगडी पुलांच्या अरुंद कमानी. पोरंबाळं घेऊन बसलेल्या माणसांना एवढं अंतर सुखरूप नेणारी वस्तू कशीतरी ठोकलेली असूच शकत नाही. जुन्या कारागिरांनी काय विचार केला असेल, तो स्वतःच्या हाताने पारखून बघायचा आहे.

18 जानेवारी, शनिवार

सकाळी नदीवर गेले. थंडी कडक होती, काठावरच्या दगडांवर बर्फाची साय धरलेली. गावाच्या वरच्या अंगाला इलर नदी डॅन्यूबला मिळते तिथपर्यंत चालत गेले. उल्मची सगळी गोष्ट या संगमात आहे. इलर आल्प्सच्या उतारावरून आल्गॉय प्रदेशाचं बर्फाचं पाणी आणते. तोवर डॅन्यूब जेमतेम असते. इलर मिळाली की ती माणसं-माल भरलेली नाव पेलण्याइतकी होते. म्हणून वरच्या कुठल्याही गावातून न सुटता नावा उल्ममधून सुटत.

इलरचा दुसरा उपकार लाकडाचा. आल्गॉयच्या जंगलांतले ओंडके तराफे बांधून याच नदीने खाली यायचे. तोडलेलं झाड स्वतःच वाहत कारखान्यात येई, त्याची नाव होई आणि ती नाव वाहत जाऊन व्हिएन्नात पुन्हा लाकूड होई. व्हिएन्नासारख्या वाढत्या शहराला लाकूड कितीही हवंच असायचं. मग नाव मोडणं म्हणजे नासाडी कुठली? त्या नावेचं ते शेवटचं भाडं होतं.

आणि प्रवाहाविरुद्ध ती परत ओढून आणायची म्हटलं तर काठाकाठाने घोड्यांचा काफिला लागणार, त्यांचा दाणावैरण, माणसांचा खर्च, आठवडेच्या आठवडे. खालच्या डॅन्यूबवर मोठ्या नावा अशा ओढून वर आणत असत. पण फरच्या हलक्या नावेसाठी तो खर्च कोण करील? नवी बांधणं स्वस्त पडे.

25 जानेवारी, शनिवार

लाकूड आणलं. खऱ्या नावा फर आणि स्प्रूसच्या, म्हणजे सूचिपर्णी, मऊ आणि हलक्या लाकडाच्या. मला ओक वापरायचा सल्ला मिळाला होता, प्रतिकृती टिकेल म्हणून. नाही वापरणार. ओकची नाव केली की तिचं वजन बदलतं, वाकणं बदलतं, पाण्यातलं बसणं बदलतं. मग ती निराळीच नाव होते.

शेजारच्या सुतारकाकांकडे जुन्या छपरातून निघालेली स्प्रूसची तुळई होती. त्यांना मी काका म्हणते ते फक्त या वहीत, तोंडावर रीतसर ‘हेर’, म्हणजे जर्मनमधलं ‘श्रीयुत’, लावूनच बोलते. सुतारकामातून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण तळघरातली करवत अजून चालू आहे. तुळईच्या 3 मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढून दिल्या. शंभरेक वर्षांच्या लाकडाचा पहिला काप निघाला तेव्हा तळघरभर राळेचा वास सुटला. वाढीची वर्तुळं इतकी दाट की नखाने मोजता येत नव्हती. थंड डोंगरावर सावकाश वाढलेलं झाड. काका म्हणाले, “मऊ आहे म्हणून कमअस्सल समजू नका. हे लाकूड वाकेल, दबेल, पण झटक्यात मोडणार नाही. खडकाला घासलं तर खरवडून निघेल, इतकंच.”

ओक न वापरण्याचं याहून चांगलं कारण मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं.

8 फेब्रुवारी, शनिवार

तळ जोडला. पट्ट्या दीड सेंटिमीटर रुंद, म्हणजे खऱ्या मापात 30 सेंटिमीटर. लांबीचे सांधे एका रेषेत येऊ दिले नाहीत, एकाआड एक सरकवले. या नावेला कणा नाही. समुद्रावरच्या जहाजाचा सगळा सांगाडा कण्यावर उभा राहतो, इथे तळ म्हणजेच पाया. आधी सपाट तळ, मग त्यावर आडव्या फासळ्या, मग भिंती.

फायदा उघड आहे. सपाट तळ थोड्या पाण्यात तरंगतो. हिशोब केला. 24 मीटर लांब, 4 मीटर रुंद, दोन्ही टोकांना निमुळता. पाण्यावर टेकणारं क्षेत्रफळ साधारण 70 चौरस मीटर. म्हणजे नाव 10 सेंटिमीटर बुडायला सात टन वजन लागतं. शंभर माणसं सामानासकट दहा टन धरली, तर त्यांच्या बसण्याने नाव जेमतेम वीतभरसुद्धा खाली जात नाही. उन्हाळ्याच्या शेवटी नदीचं पाणी आटतं, वाळूचे दांडे वर येतात. तेव्हा हीच गोष्ट प्रवास होणार की नाही ते ठरवायची.

15 फेब्रुवारी

दोन्ही टोकं वर वळवली. जुने कारागीर फळ्यांना एका अंगाने पाणी मारत, दुसऱ्या अंगाने शेक देत आणि टोकांवर भार ठेवून हळूहळू वाकवत. मी हॉट एअर गन आणि ओलं फडकं वापरलं. एक पट्टी गाठीपाशी तडकली, बदलली. बाकीचा तळ छान उचलला गेला. ही वळलेली टोकं दिसायला साधी, पण काम मोठं. नाव उथळ काठावर सरळ चढते आणि माणसं फळी टाकून कोरड्या पायांनी उतरतात. वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाला धक्का कुठून असणार?

1 मार्च, शनिवार

फासळ्या. आजचं काम संपूच नये असं वाटत होतं.

तळ आणि भिंत जिथे कोनात जुळतात तिथे सगळा ताण येतो. तो कोन दोन तुकडे ठोकून केला तर पहिल्या धडकेत उघडेल. म्हणून डॅन्यूबवरचे नावा बांधणारे झाडाचं खोड आणि मूळ जिथे जुळतं तो नैसर्गिक वाकाचा तुकडा शोधत. त्यात लाकडाचे तंतू कोनातून न तुटता वळून जातात. असा एकच अखंड तुकडा अर्धा तळावर बसतो, अर्धा भिंतीला धरतो.

प्रतिकृतीत सरळ पट्टीतून एल आकार कापता आला असता. कोणाला कळलंही नसतं. पण काकांनी बागेतल्या छाटलेल्या जुन्या प्लमच्या फांद्या ठेवलेल्या होत्या. जिथे फांदी फुटते तिथले बेचके निवडले आणि त्यातून तासून काढले. एक तयार तुकडा हातात धरून दोन्ही टोकं जोर लावून ओढली, हललासुद्धा नाही. तेवढ्याच जाडीचा सरळ पट्टीतून कापलेला तुकडा कोनात चटकन तुटला. तंतू तिथे आडवे कापले गेलेले होते, दुसरं काही नाही.

एका फेरीसाठी बांधायची नाव, आणि तिच्या प्रत्येक फासळीसाठी जंगलात जाऊन योग्य वाकाचं मूळ हुडकायचं. कशीतरी ठोकलेली म्हणणाऱ्यांना मी हे दोन तुकडे दाखवणार आहे.

15 मार्च, शनिवार

आज हातोडी ठेवून वरच्या बुरुजातल्या डॅन्यूब-श्वाबियन संग्रहालयात गेले, काकांना घेऊन. 2000 साली सुरू झालेलं हे संग्रहालय या नावांतून गेलेल्या माणसांचं आहे. काकांची आजी बनातमध्ये जन्मलेली, म्हणून त्यांना हे सगळं पाठ आहे. तरी ते प्रत्येक नकाशासमोर थांबत होते.

1699 च्या कार्लोविट्झच्या तहाने आणि 1718 च्या पासारोवित्झच्या तहाने ऑटोमन साम्राज्याकडून हंगेरी आणि बनात हाब्सबुर्ग सम्राटांकडे आलं. लढायांनी आणि साथींनी तो मुलूख ओस पडलेला. माणसं हवी होती. 1712 मध्ये काउंट शांडोर कारोयीने हंगेरीतल्या आपल्या सात्मारच्या जमिनींसाठी वरच्या श्वाबियातून, म्हणजे उल्मच्या दक्षिणेकडच्या प्रदेशातून, कुटुंबं बोलावली आणि ती उल्मला नावेत बसली. मग सरकारी भरतीच्या तीन मोठ्या लाटा आल्या. सम्राट सहाव्या चार्ल्सच्या काळात 1720 च्या दशकात, मारिया तेरेसाच्या काळात 1763 पासून पुढे आणि दुसऱ्या जोसेफच्या काळात 1782 ते 1787. लोक लोरेनमधून, फाल्झमधून, हेसेमधून हातगाड्या ओढत उल्मला यायचे आणि इथून पुढे नदी. व्हिएन्नात नावनोंदणी, प्रवासखर्चाचे पैसे, मग आणखी खाली बुडा (आजच्या बुडापेस्टचा भाग), अपातिन, तिथून बैलगाडीने तिमिशोआराकडे. जमीन मिळायची, काही वर्षं करमाफी मिळायची. आणि दलदलीचा हिवताप मिळायचा.

त्या लोकांत एक म्हण आहे, काकांनी ती आजीच्या उच्चारात म्हणून दाखवली. पहिल्याला मरण, दुसऱ्याला वणवण, तिसऱ्याला भाकर. पहिल्या पिढीपासून तिसऱ्या पिढीपर्यंतचा हिशोब. काकांचे पूर्वज कुठल्या लाटेत गेले ते त्यांच्या घरी सांगतात, दुसऱ्या महायुद्धानंतर तिथून कसं निघावं लागलं तेही सांगतात. ते सांगताना ते माझ्याकडे न बघता काचेमागच्या नावेच्या प्रतिकृतीकडे बघत होते. मी मधे बोलले नाही.

नदीकाठी तटबंदीपाशी 1958 मध्ये उभारलेलं स्थलांतरितांचं स्मारक आहे. येताना तिथेही गेलो. गावोगावच्या नावांच्या पाट्या आहेत. काकांनी त्यांच्या आजीच्या गावाची पाटी लगेच दाखवली.

घरी येऊन प्रतिकृतीकडे बघितलं तेव्हा मापांचा विचार सुचेना. 24 मीटर लांबीत मधली खोली सोडली तर किती जागा उरते, त्यात पेट्या, पाळणे, नांगराचे फाळ, बी-बियाणं. आणि परतीचा रस्ता नाही हे सगळ्यांना माहीत.

30 मार्च, रविवार

गुढीपाडवा. सकाळी बाल्कनीत गुढी उभारली, दुपारी शेवाळ गोळा केलं.

मार्च संपताना इथे लोक हिरवळीवरून दाताळं फिरवतात, गवतात माजलेलं शेवाळ उपटून काढतात आणि पिशव्या भरभरून टाकून देतात. मला तेच हवं होतं. उल्मच्या नावा बांधणाऱ्यांना ‘शॉपर’ म्हणत, कारण फळ्यांच्या फटींत शेवाळ ठासून भरणं हे त्यांचं मुख्य कौशल्य. आमच्या कोकणात फटीत कापूस ठोकून वर तेल-राळ भरतात, ती होडी वर्षानुवर्षं चालवायची असते. इथे जंगलात फुकट मिळणारं शेवाळ. वाळवायचं, पिळा देऊन दोरीसारखं करायचं, फटीत ठोकायचं, वर पातळ लाकडी पट्टी दाबायची आणि ती पट्टी लोखंडी चिमट्यांनी जवळजवळ ठोकून बसवायची. चिमट्यांची ओळ सगळ्या फटींवरून जाते, शिवणीच्या टाक्यांसारखी.

हिरवळीवरचं शेवाळ आखूड धाग्याचं. जंगलातलं लांब असतं. पण 1:20 मापाला आखूडच बरं.

5 एप्रिल, शनिवार

दिवसभर फटी भरल्या. फट एक मिलिमीटरची, कडा आतून किंचित तासलेल्या, म्हणजे शेवाळ खाली निसटत नाही, वर पट्टीखाली दबून बसतं. हत्यार म्हणून गोधडी शिवायची जुनी सुई बोथट करून वाकवली. चिमट्यांना स्टेपलरच्या पिना, मधून कापून, पक्कडीने वळवलेल्या. वाळलेलं शेवाळ बोटांत चुरतं आणि धूळ होते. पाण्याचा हात लावला की लवचिक होतं. फार ओलं केलं तर आत दबत नाही. मधला एक क्षण असतो, किंचित दमट, तेव्हा ते सुईच्या टोकाखाली एका घासात आत जातं आणि तिथेच राहतं. तो क्षण बोटांना कळायला लागला तेव्हा संध्याकाळ झाली होती.

शॉपरांची पोरं लहानपणापासून हे शिकत असणार. फट बुजवणं हे शेवटचं किरकोळ काम आहे असं मला वाटत होतं तोवर मी नुसतीच वाचत होते. नाव तरंगते ती या कामावर.

12 एप्रिल, शनिवार

टबात उतरवली.

पहिल्या मिनिटाला पाणी आलं. तळाच्या फटींतून बारीक ओघळ, डाव्या बाजूच्या सांध्यातून जास्त. मी काढली नाही. ओली होऊ दिली, आतलं पाणी स्पंजने टिपत राहिले. हळूहळू ओघळ बारीक झाले, मग नुसती ओल, मग तीही थांबली. फरचं आणि स्प्रूसचं लाकूड पाणी पिऊन फुगतं, शेवाळही फुगतं, दोघं एकमेकांना दाबतात आणि फट बंद होते. डांबर नाही, रंग नाही, एक थेंबभर गोंद नाही. जितका वेळ पाण्यात, तितकी घट्ट. आठ-दहा दिवसांच्या, कधी धुकं-वारं-कमी पाणी लागलं तर पंधरा दिवसांच्या प्रवासाला याहून नेमकं काय हवं?

मग वजनं. हिशोबाप्रमाणे एक किलो ठेवल्यावर नाव साडेपाच-सहा मिलिमीटर खाली जायला हवी. तांदळाची किलोची पिशवी मधोमध ठेवली, भिंतीवर पेन्सिलीने आखलेल्या रेषांवर बघितलं. बरोबर तेवढीच गेली. दुसरी पिशवी, तूरडाळ. सरळ बसली, कललीसुद्धा नाही. मग दोन्ही पिशव्या एका कडेला सरकवल्या, म्हणजे सगळे प्रवासी एका बाजूला धावले असं धरून. कलली, पण काठ पाण्यापासून बराच वर राहिला. रुंद सपाट तळाची ही मेहरबानी. घाबरलेल्या माणसांच्या गर्दीला ही नाव पटकन उलटू देत नाही.

लेक टबाच्या कडेवर बसून सगळं बघत होती. तिला पिशव्यांऐवजी माणसं हवी आहेत. त्यामुळे पुढच्या कामांत माणसांची भर पडली.

26 एप्रिल, शनिवार

लांब वल्ही केली, पुढे आणि मागे. ही वल्ही नाव पुढे नेण्यासाठी नाहीत, पुढे नेण्याचं काम नदी करते. ती नाव आडवी सरकवण्यासाठी आहेत. प्रवाहाच्याच वेगाने वाहणाऱ्या नावेच्या सुकाणूवरून पाणी पळतच नाही, म्हणून सुकाणू फिरवून काही होत नाही. पुढचं टोक उजवीकडे आणायचं तर माणसांनी उभं राहून वल्ह्याने पाणी ढकलायचं. वळण येण्याआधी ढकलायला सुरुवात करायची, कारण इतक्या लांब नावेला वळायला वेळ लागतो. म्हणजे नावाड्याला नदी पाठ हवी, पुढच्या वळणामागचं न दिसणारं पाणीसुद्धा.

वाटेतली दोन ठिकाणं लिहून ठेवते.

रेगेन्सबुर्गचा दगडी पूल, 1135 ते 1146 मध्ये बांधलेला आणि आजही उभा. कमानी अरुंद, खांबांभोवती दगडांची बेटं केलेली, त्यामुळे सगळी नदी थोड्या जागेतून घुसते आणि पुलाखालून बाहेर पडताना भोवरे करते. त्या एका कमानीतून एवढी मोठी नाव वल्ह्यांच्या जोरावर नेमकी मधोमध घालायची.

दुसरं त्याहून वाईट. ऑस्ट्रियातलं ग्राइन. तिथे नदी डोंगरांच्या अरुंद खिंडीत शिरते, पाण्याखाली खडकांच्या रांगा, त्यापुढे हाउसश्टाइन नावाच्या कातळामागे मोठा भोवरा. प्रवासी जीव मुठीत धरून प्रार्थना म्हणत. स्थानिक वाटाडे घेतले जात. सुखरूप पार पडलं की खाली सांक्ट निकोला गावातून एक छोटी होडी संत निकोलसच्या नावाने दान मागायला यायची आणि त्या क्षणी कोणी नाही म्हणत नसे. मारिया तेरेसाच्या काळात तिथे सुरुंग लावायला सुरुवात झाली, हाउसश्टाइन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काढला गेला. 1959 पासून खालच्या यब्स-पेर्झेनबॉइग धरणाचं संथ पाणी त्या जागेवर आहे. आज पर्यटकांच्या बोटी तिथून जातात तेव्हा कॉफीचे कप हलत नाहीत.

मऊ लाकूड, वाकलेली मुळं, सपाट तळ, लांब वल्ही. ग्राइन डोळ्यांसमोर ठेवून बघितलं की यातली प्रत्येक गोष्ट जागच्या जागी बसते.

3 मे, शनिवार

पिंपं! लेकीने आणि मी मिळून लाकडी मण्यांची पिंपं केली. माणसांबरोबर माल जायचा. कापड, वाइन, आणि गोगलगायी. होय, गोगलगायी. उल्मजवळच्या डोंगराळ भागात, लाउटर नदीच्या खोऱ्यात, लोक उन्हाळ्यात त्या गोळा करत, कुंपण घातलेल्या बागांत पाला खायला घालून वाढवत. थंडी पडली की गोगलगाय शंखाचं तोंड स्वतःच चुन्याच्या झाकणाने बंद करून झोपते. मग तिला ना पाणी लागतं ना खाणं. दहा-दहा हजार भरून पिंपं उल्मला येत आणि नावेने व्हिएन्नाला जात. कॅथलिकांच्या उपवासाच्या दिवसांत मांस चालत नसे, गोगलगाय चाले. निसर्गाने सीलबंद केलेला नाशवंत माल! असा दुसरा मला माहीत नाही.

10 मे, शनिवार

मधली खोली उभी केली. चार भिंती, उतरतं छप्पर, एक दार. खिडक्या लहान ठेवल्या.

आतली माणसं चिकटवताना 1817 डोक्यात होतं. 1815 च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा झालाच नाही, पिकं शेतात कुजली, वुर्टेंबर्गमध्ये उपासमार झाली. त्या भुकेत आणि जगाचा अंत जवळ आला या श्रद्धेत हजारो भाविक कुटुंबं 1817 मध्ये उल्मला आली आणि नावांत बसली. त्यांना रशियाच्या झारच्या राज्यात, कॉकेशसला जायचं होतं. व्हिएन्ना मागे पडलं, बुडा मागे पडलं, डॅन्यूबच्या मुखाजवळच्या इझमाईलपर्यंत नदी गेली. तिथे विलगीकरणात त्यांना अडकवून ठेवलं आणि साथीत शेकडोंनी माणसं मेली. उरलेल्यांतली काही चालत, गाड्यांनी कॉकेशसला पोचली आणि आजच्या जॉर्जिया-अझरबैजानमध्ये त्यांनी गावं वसवली.

नावेने आपलं काम केलं होतं. पोचवलं होतं. पुढचं नदीच्याही हातात नव्हतं.

1850 मध्ये उल्मला रेल्वे आली. खालच्या डॅन्यूबवर 1830 पासून आगबोटी धावत होत्या, पण उल्मजवळच्या उथळ पाण्यात त्यांचं बस्तान बसलं नाही, तिथे लाकडी नाव टिकून राहिली. रेल्वेपुढे मात्र टिकली नाही. तरी 1897 पर्यंत चालली. पावणेदोनशेहून अधिक वर्षं एकच फेरी!

17 मे, शनिवार

रंगाचा प्रश्न. शहरात दिसणाऱ्या आजच्या नावांवर काळे-पांढरे तिरके पट्टे असतात, उल्मच्या चिन्हाचे रंग. सगळ्यांची अपेक्षा तीच आहे, लेकीचीसुद्धा. मी विचार करून नाही म्हटलं. ज्या काळची ही नाव मी बांधली, त्या सात्मार आणि बनातच्या फेऱ्यांसाठी, तिला उघडं लाकूडच शोभतं. व्हिएन्नाचा लाकूडवाला पट्टे बघून जास्त भाव देणार नव्हता. पॉलिशही नको, पॉलिशने लाकूड पाणी पिणार नाही आणि फटी बंद होणार नाहीत.

राहिलेली कामं: दोरखंड, खोलीच्या दाराला बिजागऱ्या, मागच्या वल्ह्याचा आधार अर्ध्या सेंटिमीटरने उंच करणं, आणखी माणसं (लेकीच्या म्हणण्याप्रमाणे त्यात दोन आज्या हव्यातच). जुलैच्या शपथ-सोमवारी, म्हणजे उल्मच्या वार्षिक सणाला, गाव नदीत उतरतं तेव्हा काकांना ही खऱ्या डॅन्यूबमध्ये सोडायची आहे, मागे लांब दोरी बांधून. तोपर्यंत ती तळघरात, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवते. पार सुकू दिली तर शेवाळ पुन्हा आकसेल.